पिकल्या केसांचा विद्यार्थी

‘कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली’ ही म्हण आपल्या खेडोपाडी अजूनही ऐकू येते. थोराची आणि सामान्याची बरोबरी होऊ शकत नाही, हे सांगण्याची ती एक रीत आहे. ज्याचा जन्म घाण्याभोवती फिरण्यात जातो त्याने राजाच्या विद्वत्सभेकडे मान वर करून पाहू नये, असा तिचा गर्भित उपदेश. ज्या भोपाळ नगरीत आमचे वास्तव्य आहे तिचे नाव लोक अकराव्या शतकातील त्याच परमार राजा भोजाशी जोडतात. मौज अशी की, त्या राजाचे नाव धारण करणारे एक विद्यापीठ १९९१ साली येथे स्थापन झाले आणि त्याचे दार खास गंगू तेल्यासाठीच उघडे ठेवण्यात आले. मध्य प्रदेश भोज मुक्त विद्यापीठ हे ते विद्यापीठ होय. दिवसा पोटासाठी राबणाऱ्याने रात्री पुस्तक उघडावे, नोकरी न सोडता अभ्यास करावा व परीक्षेस बसून पदवी मिळवावी, यासाठी अशी विद्यापीठे असतात. म्हणीने जे दोघे एकमेकांपासून दूर ठेवले त्यांची भेट या नगरीत व्हावी, हे आम्हांस मोठे अर्थपूर्ण वाटते.

भोपाळ ही कष्टकऱ्यांची नगरी आहे. १९५६ साली ती नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली आणि त्याच वर्षी येथील अवजड विद्युत् सामग्रीच्या सरकारी कारखान्याचा पाया घालणारी कंपनी स्थापन झाली. सचिवालयातील कचेऱ्या व कारखान्यातील यंत्रशाळा यांनी देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे ओढून आणली. त्यांत आपली मराठी कुटुंबेही होती. यांपैकी कित्येकजण अठराव्या-विसाव्या वर्षी कामास लागले आणि त्यांच्या शिक्षणाला तेथेच पूर्णविराम मिळाला. बुद्धी कमी होती म्हणून नव्हे. वडील अंथरुणाला खिळले होते, बहिणीचे लग्न व्हावयाचे होते, धाकट्या भावंडांची फी भरावयाची होती. तुमच्या गावातही अशी माणसे घरोघर आढळतील. विशेषतः थोरली बहीण! भावांनी शिकावे म्हणून जिची शाळा सुटली, जिने भल्या पहाटे भाजीच्या टोपल्या बाजारात नेल्या किंवा शहरात जाऊन नोकरी धरली, ती आज पन्नाशीकडे झुकली आहे. भाऊ पदवीधर झाले. तिच्या मनात मात्र त्या सुटलेल्या शाळेची घंटा अद्याप वाजत असते.

अशी व्यक्ती एके दिवशी घरात म्हणते, “मला पुन्हा शिकायचे आहे.” आणि घर हसते. “आता या वयात? कोणती खुर्ची मिळणार आहे?” शेजारी म्हणतो, “पिकल्या पानाला पालवी कधी फुटली आहे काय?” हे हसू निर्मळ असते, त्यात द्वेष नसतो, पण त्याने जितकी पुस्तके मिटली आहेत तितकी दारिद्र्यानेही मिटली नसतील.

वय झाले म्हणजे डोके चालत नाही, ही समजूत पुष्कळ अंशी चुकीची आहे. वाढत्या वयात पाठांतर मंदावते आणि एखादे नाव चटकन आठवत नाही, हे खरे. परंतु शब्दसंग्रह, विषयाचे आकलन आणि एका गोष्टीचा दुसरीशी संबंध जोडण्याची शक्ती मध्यम वयातही शाबूत राहते. वीस वर्षे घराचा जमाखर्च सांभाळलेल्या गृहिणीला अर्थशास्त्रातील मागणी व पुरवठा समजावून देण्यास फार वेळ लागत नाही. तिने तो बाजारात रोज पाहिलेला असतो. पुस्तक त्याला केवळ नाव देते. प्रौढ विद्यार्थ्याला बहुधा बुद्धी अपुरी पडत नाही. त्याला दोन गोष्टी कमी पडतात. एक वेळ आणि दुसरी लाज गिळण्याचे धैर्य.

लाज गिळण्याचा धडा संत इग्नेशियस लोयोला यांच्या चरित्रात आहे. १५२१ साली पांप्लोनाच्या किल्ल्यात तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि त्यांचे शिपाईपण संपले. लोकांच्या आत्म्यांची सेवा करावयाची तर विद्या हवी, हे त्यांना उमगले. १५२४ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी बार्सेलोना येथे लहान मुलांच्या बरोबरीने लॅटिनची मुळाक्षरे गिरविण्यास आरंभ केला. क्रियापदे पाठ करू लागले की मन भलतीकडेच, प्रार्थनेच्या आनंदाकडे धाव घेई. तेव्हा त्यांनी गुरुजींना वचन दिले की, या नगरीत अन्नपाणी मिळते आहे तोपर्यंत दोन वर्षे आपण एकही पाठ चुकविणार नाही. पुढे ते आल्काला, सालामांका येथे गेले; परंतु घाईने शिकल्यामुळे पाया कच्चा राहिला होता. म्हणून १५२८ साली पॅरिसला पोहोचल्यावर या पस्तिशी ओलांडलेल्या गृहस्थाने पुन्हा पोरांच्या बाकावर बसून व्याकरण पहिल्यापासून घोटले! तेथील विद्यार्थिगृहात त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असलेला एक बुद्धिमान तरुण त्यांच्या खोलीत राहत असे. तो तरुण म्हणजे १५४२ साली गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेले संत फ्रान्सिस झेवियर. इग्नेशियस यांनी पॅरिसची मास्टर ऑफ आर्ट्स ही पदवी मिळविली तेव्हा ते चाळिशीच्या पलीकडे होते. व्याकरणाच्या बाकावर बसण्याची त्यांना लाज वाटली असती तर ही भेट झाली असती की नाही, कोण जाणे!

वेळेचा व पैशाचा प्रश्न कसा सोडवावा, हे पाहण्यास इतके दूर जावयास नको. भोपाळ ज्या मध्य प्रदेशात आहे त्याच प्रदेशातील महू या लष्करी छावणीत १८९१ साली एका मराठी सुभेदाराच्या घरी जन्मलेले डॉ. भीमराव आंबेडकर हे नोकरी करून पुन्हा विद्यार्थी झालेल्यांचे अग्रणी होत. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत शिकले, तेथून लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. घरी संसार होता, डोक्यावर जबाबदाऱ्या होत्या. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. ‘प्राध्यापकाची नोकरी मिळाली, आता स्वस्थ बसावे,’ असे कोणालाही वाटले असते. त्यांनी मात्र पगारातून पै-पै साठविली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपयांचे कर्ज काढले आणि १९२० साली नोकरी सोडून ते पुन्हा लंडनला विद्यार्थी म्हणून गेले. अर्धपोटी राहून त्यांनी ग्रंथालयात दिवसचे दिवस काढले. १९२१ साली एम्.एस्सी., १९२३ साली डी.एस्सी. आणि त्याच काळात बॅरिस्टरी, असे त्या अर्धवट राहिलेल्या अभ्यासाचे फळ त्यांच्या पदरात पडले.

या कथेत आणखी एक व्यक्ती आहे. तिच्याकडे वाचकांचे लक्ष जावे अशी आमची इच्छा आहे. लंडनमध्ये पती ग्रंथांत बुडालेले असताना मुंबईत त्यांची पत्नी रमाबाई ओढगस्तीत संसार रेटीत होत्या. पदवीच्या कागदावर त्यांचे नाव नाही. पण ज्या घरात प्रौढ माणूस शिकतो त्या घरात अशी एक न छापलेली सही असतेच असते.

आजच्या प्रौढ विद्यार्थ्याला नोकरी सोडण्याची किंवा सागर ओलांडण्याची गरज उरलेली नाही. इंग्लंडमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. १९८२ साली हैदराबाद येथे भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. पुढे त्याला डॉ. आंबेडकरांचेच नाव देण्यात आले, हे किती समर्पक! १९८५ साली दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले; त्याचे एक प्रादेशिक केंद्र भोपाळमध्ये आहे. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद असून तेथे आपल्या मराठी भाषेतून पदवीचा अभ्यास करता येतो.

या विद्यापीठांची रीत थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्याने नाव नोंदविले की अभ्यासाची पुस्तके मिळतात. गावाजवळच्या एखाद्या महाविद्यालयात अभ्यासकेंद्र असते. तेथे सुटीच्या दिवशी मार्गदर्शनाचे तास होतात. घरी बसून स्वाध्याय लिहावयाचे आणि अखेरीस परीक्षा द्यावयाची. वयाला वरची मर्यादा नाही. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी सावकाश सहा वर्षांपर्यंत पूर्ण करण्याची मुभा असते. ज्यांची दहावी-बारावीच राहिली आहे त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तेथे पाच वर्षांच्या मुदतीत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सुटा सुटा देता येतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाची अंमलबजावणी मध्य प्रदेशातील महाविद्यालयांत २०२१ पासून सुरू झाली. त्या व्यवस्थेत एक वर्ष शिकून थांबल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका आणि तीन वर्षांनी पदवी अशा पायऱ्या आहेत. आजाराने वा अडचणीने मध्येच थांबावे लागले तर सारे श्रम पाण्यात जात नाहीत.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. प्रौढ माणसाच्या ओढीचा व्यापार करणारे लोकही जगात आहेत. ‘एका वर्षात पदवी, परीक्षेची कटकट नाही’ अशी जाहिरात दिसली की सावध व्हावे. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो आणि दूरशिक्षणाला मान्यता असलेल्या संस्था व अभ्यासक्रम कोणते, हेही जाहीर करतो. पैसे भरण्यापूर्वी घरातील शिकत्या मुलाकडून ती यादी पाहून घ्यावी. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचारिका यांसारख्या व्यवसायांच्या पदव्या दूरशिक्षणाने घेता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी मात्र नेहमीच्या महाविद्यालयाच्या पदवीशी समकक्ष मानली जाते.

आता घरातील मंडळींकडे वळू. येथील आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. कारखान्यात पाळीचे काम, वय त्रेचाळीस. मुलगी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला गेली, त्याच वर्षी त्यांनीही पदवीसाठी नाव नोंदविले. पहिल्या सहामाहीत दोन विषय गेले. ते पुस्तके गुंडाळून माळ्यावर ठेवावयास निघाले, तेव्हा पत्नीने कसलाही उपदेश केला नाही. तिने संध्याकाळचे जेवण अर्धा तास अलीकडे आणले आणि आठ ते दहा या वेळात घरातील दूरदर्शन संच बंद ठेवावयास आरंभ केला. मुलगी आणि बाप एकाच मेजावर बसू लागले. मुलगी त्यांचे उतारे म्हणवून घेई. ते तिला कारखान्यातील मजुरीचे व पाळ्यांचे हिशेब सांगत. पुढच्या खेपेस राहिलेले विषय सुटले. आज ते तिसऱ्या वर्षाला आहेत. बढती मिळेल की नाही, याची त्यांना खात्री नाही. पण घरात पूर्वी बाप मुलीला ‘अभ्यास कर’ म्हणून दरडावीत असे; आता तसे म्हणावे लागत नाही, असे तिची आई सांगते.

पुरुषाला ही सवलत घरात लवकर मिळते; स्त्रीला मिळत नाही, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. नवरा अभ्यासाला बसला की घर दबक्या पावलांनी चालते. बायको बसली की “जरा चहा टाकतेस?” असा आवाज येतो. सासूबाईंना औषध, मुलाचा डबा, दारी आलेला पाहुणा, हे सारे तिच्याच नावाने हाका मारतात. ज्या घराने थोरल्या बहिणीच्या किंवा आईच्या कमाईवर आपली पोरे शिकविली, त्या घराने तिला आठवड्यातून दहा तास देणे हा उपकार नव्हे. ते जुन्या कर्जाचे हप्ते आहेत आणि पुष्कळ उशिराने फेडले जात आहेत.

म्हणून आमची विनंती शिकू इच्छिणाऱ्याला कमी आणि त्याच्या घरच्यांना अधिक आहे. तुमच्या घरी कोणी चाळिशीत, पन्नाशीत पुस्तक मागितले तर हसू नका आणि ‘मिळणार काय’ असेही विचारू नका. विचारावयाचेच असेल तर एवढे विचारा: “कोणती वेळ तुला बरी पडेल? त्या वेळेतले कोणते काम मी उचलू?” धैर्य त्याच्या अंगी येईल किंवा येणार नाही, ते त्याच्याकडे सोपवा. वेळ मात्र तुमच्या हातात आहे. नवीन शैक्षणिक सत्रांची नोंदणी बहुधा जानेवारीत आणि जुलैत सुरू होते. तोपर्यंत शाळा सोडल्याचा जुना दाखला पेटीतून काढून ठेवावा, त्यावरील नाव व जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते की नाही ते पाहावे आणि जुळत नसल्यास दुरुस्तीच्या खटपटीला आजच लागावे. पुष्कळांचा प्रवेश याच एका कागदापाशी अडतो.