बंदराचा अरुंद भाग कोणता?

तासगावची द्राक्षे परदेशी निघतात तेव्हा कंटेनरातील तापमान शून्य अंशाच्या आसपास राखलेले असते. सातारा, पुणे करीत तो न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात पोहोचतो. हे बंदर १९८९ साली सुरू झाले. येथे जहाजाचा किती वेळ जाईल, हे बरेचसे ऑपरेशन्स मॅनेजरच्या आखणीवर अवलंबून असते.

समजा, एका जहाजावर १२०० कंटेनरांची चढउतार करायची आहे. एक यारी तासाला २५ कंटेनर हलवते. मग तीन याऱ्यांना १६ तास लागतील आणि चार याऱ्यांना १२. पण धक्क्यावरचे ट्रेलर तासाला ७५ कंटेनरच वाहून नेऊ शकत असतील तर? चौथी यारी लावूनही १६ तासच लागतील! नळी अरुंद असेल, तर तोटी मोठी बसवून पाणी वाढत नाही, तसेच हे.

रचनेतही हिशेब असतो. चारांच्या थप्पीतला तळाचा कंटेनर काढायचा, तर वरचे तीन उगाच हलवावे लागतात. म्हणून कोणता कंटेनर आधी लागेल, हे पाहूनच मॅनेजर थप्प्या लावून घेतो.

जहाज ताटकळले की त्याचा खर्च वाढतो आणि जहाज कंपनी मुंद्र्यासारख्या दुसऱ्या बंदराकडे वळू शकते. द्राक्षांचे जहाज चुकले, तर बागाईतदाराच्या वर्षभराच्या कष्टांवर पाणी पडण्याची भीती असते.

आता सांगा पाहू: ट्रेलर वाढवून तासाला ९० कंटेनर नेता आले, तर चार याऱ्यांना किती वेळ लागेल?