पल्स हरवतो कुठे?

घरच्या टेबलावर बसवलेल्या छोट्या सीएनसी यंत्राला शंभर मिलिमीटरचा चौकोन कोरायला सांगितलेला असतो. तीन बाजू नीट होतात. चौथी बाजू मात्र सुरुवातीच्या टोकाला येऊन मिळत नाही. दीड मिलिमीटरची फट राहते. पडद्यावरचे आकडे त्याच वेळी शून्य, शून्य दाखवत असतात, म्हणजे यंत्राच्या हिशेबाने ते बरोबर जागी परत आलेले असते. पडदा एक सांगतो आणि लाकूड दुसरेच. हौशी सीएनसी बांधणाऱ्यांचा बराचसा वेळ या दोघांत खरे कोण ते शोधण्यात जातो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी लाकूडच खरे ठरते.

त्याचे कारण सोपे आहे. या यंत्राला आपण कुठे आहोत हे कळत नाही. ते फक्त मोजते. कंट्रोलर मोटारच्या ड्रायव्हरला विजेचे छोटे ठोके म्हणजे पल्स पाठवतो, प्रत्येक पल्सला मोटार एक बारीक पाऊल फिरते आणि कंट्रोलर आपल्या वहीत एक पाऊल लिहून ठेवतो. मोटार खरेच फिरली का, हे तो कधीच विचारत नाही, कारण विचारायला परतीची वायरच नसते. कारखान्यांतल्या मोठ्या यंत्रांत एन्कोडर बसवलेला असतो आणि तो खरी जागा परत कळवत राहतो. हौशी यंत्रात तेवढा खर्च परवडत नाही. म्हणून इथे सगळी भिस्त वायरिंगवर.

आकड्यांनी यंत्र चालवण्याची कल्पना अमेरिकेतल्या जॉन पार्सन्स यांची. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वळण अचूक यावे, या गरजेतून ती निघाली आणि १९५२ साली एमआयटीच्या प्रयोगशाळेत पंच केलेल्या पट्टीवर चालणारे मिलिंग यंत्र लोकांना दाखवण्यात आले. त्याचा कंट्रोलर व्हॅक्यूम ट्यूब आणि रिले यांनी भरलेल्या कपाटांत मावत होता. आज तेच काम आर्डुइनो उनो नावाचा तळहाताएवढा बोर्ड करतो. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी २००९ मध्ये त्यासाठी ‘जीआरबीएल’ हे मोफत सॉफ्टवेअर लिहिले, पुढे सनी जिऑन यांनी ते वाढवले. उनोवरच्या चिपमध्ये जागा फक्त ३२ किलोबाइट, वेग १६ मेगाहर्ट्झ. एवढ्याशा जागेत तीन अक्षांची चाल, वेग वाढवणे-कमी करणे, वळणावर आधीच सावध होणे, हे सगळे बसवले आहे. मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इतके काटकसरीचे काम विरळाच.

महाराष्ट्राशीही या गोष्टीचा एक धागा जोडलेला आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी उभारलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, सुरू झाली. एमआयटीच्या आवाराबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. अशा लॅबच्या नेहमीच्या साहित्यात सर्किट बोर्ड कोरणारे एक छोटे मिलिंग यंत्र असतेच.

आता हिशेब. बाजारात ‘३०१८’ या नावाने मिळणारे यंत्र साधारण ३०० बाय १८० मिलिमीटर जागेत काम करते. त्याची स्टेपर मोटार एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करतो, म्हणजे एका फेऱ्याला ३२०० पल्स. एका फेऱ्यात स्क्रू ४ मिलिमीटर सरकतो, म्हणून एका मिलिमीटरला ८०० पल्स. मिनिटाला १००० मिलिमीटर वेगाने जायचे तर सेकंदाला तेरा हजारांहून जास्त पल्स लागतात. उनोवरचे जीआरबीएल सेकंदाला सुमारे तीस हजार पल्सपर्यंत तग धरते.

हा हिशेब माहीत असला की चूक स्वतःच बोलू लागते. शंभर मिलिमीटर सांगितल्यावर दर वेळी अठ्ठ्याण्णवच येत असतील, तर पल्स हरवलेला नाही. मिलिमीटरमागे किती पल्स, ही सेटिंगच चुकली आहे. दिशा बदलताना दर वेळी तेवढाच फरक पडत असेल, तर तो स्क्रू आणि नट यांच्यातला ढिलेपणा. काम व्यवस्थित चालू असताना मध्येच सगळी नक्षी एका झटक्यात बाजूला सरकली, तर मोटारने पाऊल चुकवले. इथे एक सुंदर खूण आहे. या मोटारच्या रोटरला ५० दात असतात आणि ती घसरली की अध्येमध्ये कुठेही थांबत नाही, चार पूर्ण पावलांच्या पटीतच घसरते. ४ मिलिमीटरच्या स्क्रूवर ते अंतर ०.०८ मिलिमीटर भरते. सरकलेले अंतर त्याच्या पटीत असेल तर रोटर घसरल्याचा संशय बळावतो. तसे नसेल, तर आधी कपलिंगचा बारीक स्क्रू ढिला आहे का ते पाहावे. तो ढिला असला की मोटार इमानाने फिरते, स्क्रू मात्र मागे राहतो.

मोटार घसरते ती बहुधा करंट कमी पडल्याने, किंवा जास्त झाल्याने. दुसरे कारण चटकन लक्षात येत नाही. नखाएवढ्या ए४९८८ ड्रायव्हरवर एक छोटा फिरता स्क्रू असतो, त्याने मोटारला किती करंट द्यायचा हे ठरते. बोर्डवरच्या बारीक रेझिस्टरवर ‘आर१००’ लिहिलेले असेल, तर त्या स्क्रूवर ०.८ व्होल्ट म्हणजे मोटारला १ ॲम्पियर. ‘आर०६८’ असेल तर तेवढ्याच व्होल्टला करंट जास्त जातो, म्हणून दुसऱ्याच्या यंत्रावरचा आकडा डोळे झाकून उचलू नये. करंट फार वाढवला की ड्रायव्हर तापतो, जळू नये म्हणून स्वतःला बंद करतो आणि थोडा निवला की पुन्हा चालू होतो. तेवढ्या क्षणात मोटार सैल पडते. पहिली वीस मिनिटे काम झकास आणि नंतर नक्षी सरकते, अशी तक्रार असेल तर ड्रायव्हरवर पंखा लावून पाहावा. बऱ्याच वेळा तेवढ्याने भागते.

डीआरव्ही८८२५ हा दुसरा लोकप्रिय ड्रायव्हर त्याच खाचेत बसतो, पण त्यावरचा फिरता स्क्रू उलट्या टोकाला असतो. जुना ड्रायव्हर पाहून नवा त्याच बाजूने बसवला, की वीज देताक्षणी तो जातो. स्क्रू कुठे आहे हे न पाहता पिनांची नावे जुळवून बसवायचे, हाच त्यावरचा उपाय. चालू यंत्रातून मोटारची वायर उपसणे हाही ड्रायव्हर जाळण्याचा हमखास मार्ग आहे. कॉइलमधला करंट एकदम तुटतो, व्होल्टेजचा जबर झटका बसतो आणि तो थेट चिपमध्ये जातो. पुरवठ्याच्या टोकाजवळ १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावावा, तो वीज चालू करतानाचे झटके शोषून घेतो.

मोटार नुसती थरथरते, गुणगुणते आणि फिरत नाही, ही तक्रार नवख्यांच्या यंत्रात फार दिसते. मोटारच्या चार वायरींच्या दोन जोड्या असतात आणि त्यांची अदलाबदल झालेली असते. रंगांवर भरवसा ठेवू नये, कारण ते कंपनीगणिक बदलतात. मोटार पूर्ण सुटी करून मल्टिमीटर लावावा. ज्या दोन वायरींमध्ये काही ओहम दिसतात, ती एक जोडी. मल्टिमीटर नसेल तर दोन वायरींची टोके एकमेकांना टेकवून शाफ्ट हाताने फिरवावा. तो एकदम जड झाला की जोडी सापडली.

एकच अक्ष हालत नसेल, तर अनुभवी लोक विचार करत बसण्याआधी अदलाबदल करतात. वीज बंद करायची, एक्स आणि वाय अक्षांच्या मोटारींची जोडणी एकमेकींच्या जागी करायची, पुन्हा वीज द्यायची. दोष मोटारबरोबर गेला तर मोटार किंवा तिची वायर बिघडली आहे. तो जागच्या जागी राहिला तर संशय ड्रायव्हरवर. मग ड्रायव्हरची अदलाबदल. दोन-तीन फेऱ्यांत दोषाचे घर सापडते आणि एकही भाग उगाच विकत आणावा लागत नाही. तिन्ही मोटारी गप्प असून पडद्यावरचे आकडे मात्र पळत असतील, तर मोटारींना पुरवठाच पोचलेला नसतो. उनो यूएसबीवर जागा असतो, मोटारींचे २४ व्होल्ट वेगळ्या टर्मिनलवरून येतात, आणि तिथला स्क्रू ढिला निघतो. अशा टर्मिनलमध्ये वायरचे टोक सोल्डरने मढवून बसवणे ही पुष्कळांची सवय आहे, पण ती चुकीची. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरते आणि काही महिन्यांत जोड सैल होतो. टोकाला थिंबल क्रिंप करून बसवणे केव्हाही चांगले.

यानंतरची तक्रार सगळ्यांत जास्त छळणारी. यंत्र अक्षाच्या टोकापासून लांब, मधोमध काम करत असते आणि अचानक थांबते. पडद्यावर अलार्म: लिमिट स्विच, म्हणजे अक्षाच्या टोकाला बसवलेला स्विच, दाबला गेला. प्रत्यक्षात स्विचला कुणी हातही लावलेला नसतो.

लिमिट स्विचची वायर यंत्राच्या एका टोकापासून कंट्रोलरपर्यंत मीटर-दीड मीटर धावते आणि बहुधा मोटारींच्या व कटर फिरवणाऱ्या स्पिंडलच्या वायरींबरोबर एकाच जुडग्यात बांधलेली असते. उनोच्या आत त्या वायरला ५ व्होल्टवर धरून ठेवणारा रेझिस्टर २० ते ५० किलोओहमचा असतो, म्हणजे त्या वायरला आधार देणारा करंट जास्तीत जास्त पाव मिलिॲम्पियर. शेजारच्या स्पिंडलच्या ब्रशमधून ठिणग्या उडतात, त्यांचा क्षणभराचा धक्का एवढ्या अशक्त वायरला खाली ओढायला पुरतो. खात्री करायला तेच काम स्पिंडल बंद ठेवून हवेत चालवावे. अलार्म आला नाही, तर चोर सापडला. मग लिमिटच्या वायरी वेगळ्या मार्गाने न्याव्यात, शील्ड असलेली केबल वापरून तिचे शील्ड फक्त कंट्रोलरच्या टोकाला ग्राउंड करावे, सिग्नल आणि ग्राउंड यांच्यात ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावावा. स्विच नॉर्मली क्लोज्ड पद्धतीने जोडून जीआरबीएलमधली लिमिट उलटी वाचण्याची सेटिंग चालू केली, तर आणखी एक फायदा होतो: वायर तुटली तर यंत्र तत्काळ सांगते. नॉर्मली ओपन जोडणीत तुटलेली वायर आणि न दाबलेला स्विच यांत यंत्राला काहीच फरक दिसत नाही.

उनोवर बसणाऱ्या ‘सीएनसी शील्ड’ या बोर्डच्या तिसऱ्या आवृत्तीने तर कितीतरी लोकांना रात्र-रात्र जागवले आहे. जीआरबीएलच्या ०.९ आवृत्तीपासून स्पिंडलचा वेग कमी-जास्त करण्यासाठी उनोची ११ क्रमांकाची पिन घेतली गेली आणि झेड अक्षाचा लिमिट स्विच १२ वर हलवला गेला. शील्डवरची छपाई मात्र जुन्या रचनेचीच राहिली. छापील अक्षरांवर विश्वास ठेवून झेडचा स्विच ‘झेड’ लिहिलेल्या जागी जोडला, की होमिंगला, म्हणजे स्विचपर्यंत जाऊन मूळ जागा ठरवण्याला, सुरुवात होताच झेड अक्ष वर जातो, स्विचवर आदळतो आणि थांबतच नाही. स्विच ‘स्पिंडल एनेबल’ लिहिलेल्या पिनेवर जोडला की सगळे सुरळीत. होमिंग चालवण्याआधी प्रत्येक स्विच बोटाने दाबून जीआरबीएलला प्रश्नचिन्ह पाठवावे. उत्तरात त्या अक्षाचे अक्षर उमटले पाहिजे. एवढी सवय लागली तर स्क्रू वाकण्याचे किती प्रसंग टळतील!

आपल्याकडच्या घरांत आणखी एक प्रश्न येतो, अर्थिंगचा. यंत्राच्या पॉवर सप्लायला तिसरे टोक अर्थसाठी असते. ते जोडलेले नसले, किंवा भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागे अर्थ नुसता नावालाच असला, तर सप्लायमधल्या फिल्टर कॅपॅसिटरमुळे यंत्राचा सांगाडा २३० व्होल्टच्या सुमारे निम्म्यावर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण ओल्या हाताला झिणझिण्या येतात, आणि लॅपटॉप यूएसबीने जोडताना तोच करंट डेटाच्या केबलमधून वाट काढतो. काम चालू असताना यूएसबीचा संपर्क तुटतो, ‘पोर्ट सापडत नाही’ असा संदेश येतो, माणूस तीन-तीन केबल बदलून पाहतो आणि मूळ दोष भिंतीत असतो. इथे स्वतः प्रयोग करू नयेत. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि ॲल्युमिनियमचा सांगाडा पक्क्या वायरने अर्थला जोडावा. कोरड्या हवेत भुसा खेचणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीवरही स्थिर वीज साठते आणि तिच्या ठिणगीने कंट्रोलर रीसेट होतो. नळीच्या लांबीभर उघडी तांब्याची तार नेऊन ती अर्थ केली की हा त्रास थांबतो.

ब्रशच्या छोट्या मोटारऐवजी मोठा स्पिंडल आला, की त्याच्याबरोबर व्हीएफडी, म्हणजे विजेची वारंवारता बदलून वेग ठरवणारा ड्राइव्ह, येतो. तो ४०० हर्ट्झ तयार करून स्पिंडल मिनिटाला २४,००० फेऱ्यांनी फिरवतो. त्याच्या पोटात २३० व्होल्टपासून बनलेले सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि मुख्य स्विच बंद केल्यावरही काही मिनिटे ते कॅपॅसिटरमध्ये तसेच राहतात. झाकण उघडण्याआधी मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबून मल्टिमीटरने खात्री करायची. हा नियम मोडून वाचलेले लोक फक्त नशिबाने वाचले आहेत.

लाल इमर्जन्सी बटणाबाबत तर अजिबात तडजोड नको. पुष्कळ यंत्रांत ते उनोच्या रीसेट पिनेला जोडलेले असते, म्हणजे गोंधळलेल्या कंट्रोलरलाच थांबण्याची विनंती केली जाते. ते बटण नॉर्मली क्लोज्ड असावे आणि कॉन्टॅक्टरमार्फत मोटारींचा व स्पिंडलचा पुरवठाच तोडणारे असावे. मग सॉफ्टवेअर कुठल्याही अवस्थेत असो, कटर फिरायचा थांबतो.

हे सगळे जमल्यावरचे काम कंटाळवाणे असते, म्हणून बहुतेक जण ते टाळतात: प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची पट्टी लावणे आणि जीआरबीएलच्या सगळ्या सेटिंगची छापील प्रत कंट्रोलरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवणे. मिलिमीटरमागे पल्स, कमाल वेग, कोणता अक्ष उलटा, लिमिट उलटी वाचायची की नाही आणि प्रत्येक ड्रायव्हरवरचा मोजलेला व्होल्ट. उनो बदलावा लागला तर नव्या बोर्डमध्ये यातले काहीच नसते.