जपानमध्ये राजांच्या दफनटेकड्या, आपल्याकडे नागपूरजवळची शिळावर्तुळं: बघायला गेलात तर काय बघाल?

जपानमधल्या ओसाकाजवळ साकाई नावाचं शहर आहे. तिथे दाट झाडीने झाकलेली आणि भोवती पाण्याचे खंदक असलेली एक टेकडी आहे. ही टेकडी माणसांनी रचलेली आहे आणि तिची लांबी ४८६ मीटर आहे. हे 'दाइसेन कोफुन', म्हणजे निन्तोकू सम्राटाचं मानलं जाणारं दफनस्थळ. या परिसरातल्या ४९ कोफुनना २०१९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. पर्यटकांना मात्र दाइसेनच्या आत जाता येत नाही. खंदकापलीकडून बघायचं आणि परतायचं.

मृतांसाठी दगडमातीचे ढीग रचणारी माणसं महाराष्ट्रातही होती, आणि तीही कोफुनच्या काळाच्या शेकडो वर्षं आधी. त्यांच्या खुणा आजही विदर्भात उघड्या माळावर आहेत.

नेमकं कुठे?

सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण म्हणजे जुनापाणी. नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्याने गेलं की शहरापासून थोड्याच अंतरावर ते लागतं. इथे सुमारे ३०० शिळावर्तुळांची नोंद झाली आहे. नागपूर जिल्ह्यातच माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड अशी आणखी ठिकाणं आहेत. ही वर्तुळं साधारण इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकातली, म्हणजे लोहयुगातली मानली जातात.

ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी १८७९ मध्ये इथल्या वर्तुळांवर लेख प्रसिद्ध केला. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जुनापाणीत उत्खनन केलं.

हा नुसता दगडांचा ढीग नाही, हे कसं ओळखायचं?

पाचगणीच्या टेबललँडवर जांभ्याचा सपाट पसारा दिसतो, तो निसर्गाने घडवलेला आहे. जुनापाणीत मात्र रचना दिसते. मोठे दगड गोलाकार मांडलेले असतात आणि मधल्या जागेत माती, लहान दगड भरून थोडा उंचवटा केलेला असतो. काही वर्तुळांचा व्यास १० मीटरपेक्षा जास्त आहे. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले दिसतात. त्यांचा दिशांशी किंवा आकाशातल्या ताऱ्यांशी संबंध आहे का, यावर संशोधकांनी काम केलं आहे.

आत काय सापडलं?

प्रत्येक वर्तुळात पूर्ण सांगाडा सापडत नाही. बऱ्याच ठिकाणी निवडक हाडंच मिळतात. सोबत काळी-तांबडी मातीची भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या आणि मणी असतात. विदर्भातल्या काही दफनांमध्ये घोड्याची हाडं, लोखंडी लगाम आणि घोड्याला घालायचे तांब्याचे दागिनेही मिळाले आहेत. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली.

म्हणजे ही माणसं लोखंड तयार करत होती, घोडे बाळगत होती आणि आपल्या माणसाला निरोप देताना मौल्यवान वस्तू सोबत ठेवत होती. पण त्यांनी लिहून काहीच ठेवलेलं नाही. त्यांचं नाव, भाषा, राजा, काहीच आपल्याला माहीत नाही. त्यांच्याबद्दल जे कळतं, ते मुख्यतः या दगडांतून आणि त्याखालच्या वस्तूंतून.

म्हणूनच दगड हलवायचा नाही

एखादी लोखंडी कुऱ्हाड सुटी मिळाली, तर ती कुऱ्हाड आहे एवढंच समजतं. तीच घोड्याच्या लगामाशेजारी, ठरावीक भांड्यांसोबत मिळाली, तर ती कुणाची असावी याचा अंदाज करता येतो. वस्तूइतकीच तिची जागाही महत्त्वाची असते. वर्तुळातला दगड कुणी बांधासाठी उचलला किंवा फोटोसाठी सरकवला, तर ती माहिती कायमची जाते.

नागपूर जिल्ह्यातली बरीच शिळावर्तुळं केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहेत. कायद्यानुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे. स्मारकाचं नुकसान केल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण उघड्या माळावरचा दगड स्मारकाचा भाग आहे, हे माहीतच नसेल तर कायदा कितपत पुरणार?

जायचं असेल तर

हिवाळा उत्तम. पावसाळ्यात गवत वाढतं आणि वर्तुळं नीट दिसत नाहीत, उन्हाळ्यात नागपूरचं ऊन माळावर उभं राहू देत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी जा, तिरप्या उन्हात दगडांवरचे खळगे स्पष्ट दिसतात. वर्तुळाच्या बाहेरून फिरा. खापराचा तुकडा दिसला तर फोटो काढा, उचलू नका.

नागपूर लांब पडतं?

मग सातारा जिल्ह्यात मृतांची आठवण जपण्याची नंतरच्या काळातली एक पद्धत बघता येईल. पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईला या. वाई तालुक्यातल्या किकली गावात भैरवनाथ मंदिराच्या परिसरात अनेक वीरगळ आहेत. लढाईत मेलेल्या वीरांसाठी उभारलेले हे दगड सहसा खालून वर वाचायचे असतात: तळाला लढाई आणि मृत्यू, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणि सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. शेजारी चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात असेपर्यंत ही आठवण राहो.

जुनापाणीच्या दगडांवर अशी चित्रं नाहीत. तिथे फक्त मांडणी आहे, आणि ती जशी आहे तशी राहिली तरच पुढच्या संशोधकाला त्यातून काही वाचता येईल.