लाल तोंडामागचा ठेका

महाराष्ट्रातून दिल्लीत आलेल्या माणसाला पहिल्याच हिवाळ्यात शंका येते, की इथल्या माकडांना काही झालंय का? उन्हाळ्यात फिकट गुलाबी असलेली तोंडं नोव्हेंबरात लालभडक होतात. बुडंही. रायसिना टेकडीवर सरकारी इमारतींच्या कठड्यावर बसलेला एखादा दांडगा नर तर शेंदूर फासल्यासारखा दिसतो. मंगळवारी केळी-चणे घेऊन येणाऱ्या भक्तांना त्यात मारुतीराया दिसत असेल, तर नवल नाही.

हा विणीच्या हंगामाचा रंग. दिवस आखडू लागले की दिल्लीतल्या या रीसस माकडांच्या रक्तात इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन चढतं आणि कातडी लाल होते. पण चढ म्हणून सांगतं कोण? मेंदूच्या तळाशी बसलेला हायपोथॅलॅमस. माणसात तो बदामाएवढा, वजन जेमतेम चार ग्रॅम. त्यातल्या हजार-दोन हजार पेशी जीएनआरएच नावाचं रसायन सोडतात. ते खालच्या पिट्यूटरी ग्रंथीला जागं करतं, पिट्यूटरी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं रक्तात सोडते आणि मग अंडाशय किंवा वृषणं कामाला लागतात. अख्ख्या वंशवेलीचा कारभार एवढ्याशा पेशींवर! त्यांचं माहेर तर आणखी अजब आहे: गर्भात या पेशी नाकाच्या जागी जन्मतात आणि तिथून चालत मेंदूत येतात. हा प्रवास अर्ध्यावर राहिला, तर मूल मोठं होऊनही आपोआप वयात येत नाही. अनेकदा त्याला वासही येत नाही.

हे जीएनआरएच हाती लागायला शास्त्रज्ञ अँड्र्यू शॅली यांना डुकरांचे दीड लाखाहून जास्त हायपोथॅलॅमस दळावे लागले. 1971 मध्ये त्याची रचना कळली, अवघ्या दहा अमिनो आम्लांची साखळी. 1977 मध्ये शॅली आणि त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी रॉजर गिलमाँ यांना नोबेलही मिळालं. झालं, वाटलं सगळं कळलं.

खरी गंमत पुढच्या वर्षी उलगडली, आणि तीही याच लालतोंड्या जातीत. पिट्सबर्गमध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या चमूने रीसस माद्यांच्या हायपोथॅलॅमसचा नेमका भाग निकामी केला. एलएच, एफएसएच आटले. मग बाहेरून जीएनआरएच सतत देऊन पाहिलं, तरी पिट्यूटरी ढिम्म. तेच औषध दर तासाला फक्त सहा मिनिटं दिलं, आणि ग्रंथी कामाला लागली! बाकीची चोपन्न मिनिटं शांतता हवी. तासाला एकाऐवजी पाच वेळा दिलं तरी बिघडलं. तीन तासांनी एकदा दिलं, तर एलएच घसरलं. म्हणजे निरोप मात्रेत नव्हताच, ठेक्यात होता. तबला शिकलेल्याला हे वेगळं सांगायला नको: दोन थापांमधली रिकामी जागा काढून टाकली की उरतो तो नुसता गोंगाट.

त्याच 1978 मध्ये भारताने रीसस माकडांची निर्यात बंद केली. त्याआधी ती हजारोंनी परदेशी प्रयोगशाळांत जात. आज आपण बाल्कनीतून काठीने हाकलतो, त्या माकडाच्या भाऊबंदांनी वैद्यकाला केवढं दिलं, हे जरा आठवायला हवं.

कारण डॉक्टरांनी हा गोंगाटही कामाला लावला. जीएनआरएचसारखं, पण टिकाऊ औषध सतत दिलं की पिट्यूटरी सुरुवातीला चेकाळते, मग काही आठवड्यांत गप्प होते. प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन उतरवायला, सहा-सात वर्षांची मुलगी अकाली वयात येऊ लागली तर ते थोपवायला हीच इंजेक्शनं देतात. उलट ज्या स्त्रीचा हायपोथॅलॅमसच थंड पडलाय, तिला छोट्या पंपाने थांबून-थांबून तेच जीएनआरएच दिलं तर पाळी परत येऊ शकते.

माणसात हा ठेका तान्हेपणी काही महिने वाजतो, मग वर्षानुवर्षं बंद. वयात येताना तो पुन्हा सुरू होतो तो आधी रात्री, झोपेत. मुलाला कळतही नाही.

दिल्लीच्या माकडांत तो दर हिवाळ्यात परततो. गर्भारपण साडेपाच महिन्यांचं, म्हणून एप्रिलात इथे आलात तर पोटाला चिकटलेली सुरकुतलेली पिल्लं हमखास दिसतील. लांबूनच पाहा, खाऊ देऊ नका आणि आईच्या डोळ्याला डोळा भिडवू नका. माकडांत ती धमकी समजतात.