जुनी मोटार आणि रबराची नळी

माणूस गेल्यावर शोक करण्याची रीत आहे. परंतु यंत्रासाठीं डोळ्यांत पाणी आलें, तर लोक हसतात. तें हसणें पत्करून आज मी आमच्या जुन्या मोटारीविषयीं बोलणार आहें.

वडिलांनीं ती १९७२ सालीं घेतली. शेतावरच्या खेपांपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत तिनें घरचीं सारीं कामें केलीं. २०२४ च्या मे महिन्यांत साकोलीहून भंडाऱ्याकडे येतांना, लाखनीच्या अलीकडे पेट्रोलचा उग्र वास आला. गाडी कडेला घेऊन आम्ही उतरतों न उतरतों, तोंच बॉनेटच्या फटींतून ज्वाळा दिसूं लागल्या. मी बॉनेट उघडावयास धावलों. एका ट्रॅक्टरवाल्यानें हात धरून मागें ओढलें. त्या क्षणीं मला त्याचा रागच आला. थोड्याच वेळांत नुसता सांगाडा उरला.

असें कां व्हावें? आगीला इंधन, हवा आणि उष्णता हीं तीन लागतात. जुन्या मोटारींत पेट्रोल रबरी नळीवाटे कार्बुरेटरकडे जातें. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें रबर ताठर होतें व त्यास बारीक चिरा पडतात. पेट्रोलची वाफ शून्याखालीं ४० अंशांच्या सुमारासहि पेट घेऊं शकते. मग विदर्भांतल्या मे महिन्याची गोष्टच सोडा! ही वाफ हवेहून जड असल्यानें खोलगट जागीं साचते. सैल तारेची एक ठिणगी तिला पुरते. शिवाय गाडी थांबली, कीं समोरून येणारा वारा थांबतो आणि बॉनेटखालची उष्णता कांहीं वेळ उलट वाढते.

यांत अलीकडे आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. २०२५ सालीं आपल्याकडील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांच्या घरांत पोचलें. जुन्या गाड्यांचें रबर अशा मिश्रणासाठीं बनविलेलें नव्हतें. तें त्यानें लवकर खराब होऊं शकतें.

तेव्हां वास येतांच गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावें, सर्वांनीं उतरून दूर जावें आणि ११२ क्रमांकास कळवावें. पेटलेल्या इंजिनाचें बॉनेट उघडूं नये. आंत एकदम हवा शिरते आणि भडका उघडणाऱ्याच्या तोंडावर येतो. पाणीहि ओतूं नये. पेट्रोल त्यावर तरंगत पसरतें. कोरड्या भुकटीचें अग्निशामक नळकांडें गाडींत असावें. पण तें आग लहान असेल तोंवरच कामाचें. त्या ट्रॅक्टरवाल्यानें मला कशांतून वांचविलें, हें मला मागाहून समजलें.

एक गोष्ट मात्र मनाला अजून टोंचते. दर रविवारीं मी त्या गाडीचा रंग आणि पितळी अक्षरें घासून लखलखीत करीत असें. परंतु नळी शेवटची केव्हां बदलली, असें मेकॅनिकनें विचारलें, तेव्हां मला उत्तर देतां आलें नाहीं. वीतभर रबर! त्याची किंमत सीटच्या खोळीहूनहि कमी.

गाडीची किल्ली अद्याप आमच्या दाराजवळच्या खिळ्याला आहे. आपल्या घरीं अशी जुनी गाडी असेल, तर उद्यां सकाळीं इंजिन थंड असतांना ती नळी जरा वाकवून पाहा. चीर दिसली, तर ती बदलल्यावांचून गाडी बाहेर काढूं नका.