तरुणांची लॅटिन, म्हाताऱ्यांची गिटार

पॅरिस

वसईहून फोन आला की एक प्रश्न ठरलेला : "तिकडे आता चर्चमध्ये येतं तरी कोण?" युरोपातली चर्चेस ओस पडली, विकली गेली, त्यांचे बार झाले, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. ओस पडली हे खरंच. पण फ्रान्समध्ये चर्च विकणं तितकं सोपं नाही, कारण १९०५ च्या आधी बांधलेली बहुतेक चर्चेस नगरपालिकांच्या किंवा सरकारच्या मालकीची आहेत. फादरांना नुसता वापराचा हक्क. आणि उरलेसुरले भाविक एकमेकांशी काय भांडतात, हे तर तिकडे कुणाला सांगून पटत नाही.

लॅटिन क्वार्टरमध्ये, मोबेरच्या बाजाराजवळ, सां-निकोला-द्यु-शार्दोने हे चर्च आहे. मालक पॅरिस महापालिका. २७ फेब्रुवारी १९७७ च्या रविवारी द्युको-बूर्जे नावाच्या वृद्ध धर्मगुरूंच्या पुढाकाराने परंपरावादी मंडळी आत शिरली, तिथल्या फादरांना बाहेर काढलं आणि लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सुरू केली. कोर्टाने त्यांना हटवण्याचा हुकूम दिला. पोलीस काही आले नाहीत. ताबा आजही त्यांचाच आहे. 'हे फक्त भारतातच होऊ शकतं' असं म्हणणाऱ्यांना मी एकदा मोबेरला घेऊन जाणार आहे.

भांडणाचं मूळ थोडक्यात असं. १९६२ ते ६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. १९६९ मध्ये नवी मिस्सा आली : लोकांची भाषा, लोकांकडे तोंड केलेले फादर. आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी ती नाकारली, १९८८ मध्ये पोपला न जुमानता चार बिशप नेमले आणि चर्चबाहेर काढले गेले. शार्दोनेतली मंडळी त्यांच्याच पंथाची.

आता तुम्ही म्हणाल, असतील पाच-पन्नास म्हातारे, जुन्या आठवणी काढत बसलेले. मलाही आत गेल्यावर आधी म्हातारेच शोधावे लागले. माझ्या पुढच्या बाकावर एक पस्तिशीचं जोडपं आणि त्यांची सहा मुलं. बाईच्या डोक्यावर काळी जाळी, म्हणून मीही ओढणी पुढे ओढली. नऊएक वर्षांचा मुलगा डाव्या पानावर लॅटिन आणि उजव्या पानावर फ्रेंच असलेलं पुस्तक रेशमी फितीने उलटत होता. बहीण एक पान मागे पडली तर तिला कोपर मारून दाखवत होता. माईकवरून सूचना नाहीत, टाळ्या नाहीत. घंटी वाजली आणि सगळं चर्च एकदम गुडघ्यांवर.

याउलट आमच्या उपनगरातलं नेहमीचं चर्च. फादर काँगोचे, भले गृहस्थ. गुडघे टेकायच्या फळ्या काढून टाकलेल्या. कबुलीच्या लाकडी खोपटात झाडू आणि बादल्या. गायनाची सूत्रं सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंकडे, हातात गिटार, गाणी त्यांच्या तारुण्यातली. त्यांना मी एकदा विचारलं, इथे कुणी गुडघे का टेकत नाही? त्या म्हणाल्या, "अगं, आम्हाला गुडघ्यांवरून उठायला किती भांडावं लागलं, तुला काय माहीत!" बाईंचं खोटं नाही. पण त्यांच्या मागच्या बाकांवर बसलेल्यांत मीच सगळ्यांत लहान असते, आणि माझी चाळिशी कधीच उलटली.

तरुण कुठे जातात? २०२५ च्या ईस्टरला फ्रान्समध्ये १०,३८४ प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला, आदल्या वर्षापेक्षा ४५ टक्क्यांनी जास्त. ते सगळे लॅटिनवाले नव्हेत, पण त्यांतला माझ्या ओळखीचा एक आहे. संगणक अभियंता, आईबाप नास्तिक. तो म्हणतो, "टाळ्या वाजवा, शेजाऱ्याशी ओळख करून घ्या, असं सांगणारा माणूस मला ऑफिसात रोज भेटतो. रविवारी पुन्हा कशाला?" दर वर्षी पेंटेकॉस्टला तो पॅरिसहून शार्त्रपर्यंत तीन दिवसांत शंभरेक किलोमीटर चालतो. ही पदयात्रा १९८३ पासून निघते. २०२५ मध्ये १९ हजारांच्या आसपास लोक होते, बहुतेक विशी-पंचविशीतले. वारीतल्या दिंड्यांसारख्या तुकड्या, प्रत्येकीचा झेंडा वेगळा. फोड आलेले पाय मिरवण्याची हौसही तीच.

हे सगळं ऐकून मी लॅटिनच्या बाजूला झुकले असं समजू नका. ज्यू ओलिसांच्या हत्येत हात असलेला पॉल तूव्हिए १९८९ मध्ये पोलिसांना सापडला तो नीसमध्ये, याच पंथाच्या मठात. तो मेल्यावर १९९६ मध्ये त्याच्यासाठी मिस्सा झाली ती शार्दोनेत. धूप कितीही सुवासिक असला तरी हा वास जात नाही.

शिवाय मी वसईची. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण मराठीत छापून झालं, पण वेदीवर मराठी यायला आणखी साडेतीनशे वर्षं लागली. आजी मिस्साभर माळ जपायची. वेदीवर काय चाललंय ते घंटी वाजली की कळायचं. मराठी मिस्सा आली तेव्हा ती पहिल्यांदा फादरांना उलट उत्तर द्यायला लागली, असं वडील सांगायचे. लॅटिन गेल्याबद्दल आमच्या गावात कुणी रडल्याचं मी ऐकलं नाही.

पण भाषेखेरीज आम्ही काय सोडलं? रात्रीची रोझरी घरोघरी राहिली. नोव्हेना राहिली, सणाची मिरवणूक राहिली, गुडफ्रायडेला सुळावरच्या ख्रिस्ताचं चुंबन घ्यायची रांग राहिली. फ्रेंच फादरांनी भाषेबरोबर हेही सगळं माळ्यावर टाकलं, आणि तेही लोकांना न विचारता, लोकांच्याच नावाने. परंपरावाद्यांचा राग मला इथे समजतो. नोत्र-दाम डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा वेदी नवी, ब्राँझची, आणि फादरांच्या अंगावर फॅशन डिझायनर कास्तेलबाजाकचे लाल-निळ्या-पिवळ्या तुकड्यांचे झगे. माझा अभियंता टीव्ही बंद करून उठला.

तसे उठून जाणारे आमच्याकडेही आहेत, कारण मात्र उलटं. १९६९ मध्ये रोमने भारतीय बिशपांची बारा कलमं मंजूर केली : अंजली, आरती, समई, पायताण बाहेर, हवं तर खाली बसून मिस्सा. गावच्या सणाला मुलींनी वेदीपुढे आरती ओवाळली तेव्हा माझे एक काका भर मिस्सेतून घरी गेले. "चर्च आहे की देऊळ?" इथे तक्रार असते, चर्च आहे की प्रोटेस्टंटांचा हॉल? शेजाऱ्याचा रंग लागला, हे दोन्हीकडचं दुखणं.

जुलै २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जुन्या मिस्सेवर कडक बंधनं घातली : बिशपांची परवानगी हवी, नव्या धर्मगुरूंना तर रोमची. ज्या पिढीने १९६८ मध्ये गर्भनिरोधकांना मनाई करणारं पोपचं पत्र खुशाल बाजूला ठेवलं, ती एका रात्रीत आज्ञाधारक झाली. आमच्या गिटारवाल्या बाई नोटीसबोर्डावर तो आदेश स्वतः लावत होत्या.

परवा अभियंत्याला मी केरळची हकिगत सांगितली. एर्नाकुलममध्ये सिरो-मलबार चर्चच्या धर्मसभेने २०२१ मध्ये ठरवलं की मुख्य प्रार्थनेच्या वेळी फादरांनी वेदीकडे तोंड करावं. तिथले लोक बिथरले, आम्हाला फादर आमच्याकडे तोंड केलेलेच हवेत म्हणाले. २०२२ च्या नाताळात बसिलिकेत धक्काबुक्की झाली, दाराला कुलूप लागलं. तो आधी खूश झाला, मग लोक कोणत्या बाजूने भांडतायत ते लक्षात आल्यावर चिडला. "पण रोमनेही तेच सांगितलं होतं ना? मग ऐकायला नको?" मी २०२१ च्या त्या दुसऱ्या, जुन्या मिस्सेवरच्या आदेशाचं काय, असं विचारलं. "ती गोष्ट वेगळी," तो म्हणाला. बाईंना १९६८ बद्दल विचारलं की त्याही हेच म्हणतात. काकांना बारा कलमांबद्दल विचारायचं असेल तर जेवण झाल्यावर विचारा. आधी विचारलंत तर ताटावरून उठतील.