पहिल्याच आठवड्यात नऊ महिने गेले!

नवा सीझन, नवी जर्सी, नवा फॅन्टसी संघ... आणि चार दिवसांत अर्धा डझन स्टार्स मैदानाबाहेर! ऑगस्ट २०२३ चा तो ओपनिंग वीकएण्ड युरोपच्या फुटबॉलला चांगलाच महागात पडला. पण बिल नेमकं कोणी भरलं? क्लबने, फॅन्सनी की आणखी कोणी?

लीगचा पहिला शुक्रवार म्हणजे फुटबॉलवेड्यांचा गुढीपाडवा. नव्या जर्सीची घडी मोडलेली असते, ऑफिसातल्या फॅन्टसी लीगला काहीतरी आचरट नाव दिलेलं असतं आणि आपला क्लब यंदा जिंकणारच, याबद्दल कोणाच्याही मनात तिळमात्र शंका नसते. अजून कोणी हरलेलंच नसतं ना!

११ ऑगस्ट २०२३ चा शुक्रवारही तसाच होता. आपल्याकडे रात्री अकराला फॅन्टसीची डेडलाइन आणि साडेबाराला किकऑफ. बर्नलीच्या टर्फ मूरवर समोर मॅंचेस्टर सिटी, म्हणजे जूनमध्येच तीन ट्रॉफ्या एकत्र उचललेला संघ. चौथ्या मिनिटाला हालांडचा गोल. ज्यांनी त्याला कॅप्टन केलं होतं त्यांचं भांडं लगेच गंगेत न्हालं. आणि तेविसाव्या मिनिटाला केव्हिन डी ब्रॉयना मैदानाबाहेर चालू लागला.

ना टॅकल, ना धक्का, ना किंकाळी. मांडीमागचा तोच स्नायू, हॅमस्ट्रिंग, जो दोन महिन्यांपूर्वी इस्तंबूलच्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये दगा देऊन गेला होता. तिथे तो ३६ व्या मिनिटाला बाहेर गेला होता. त्याआधीचे दोन महिने आपण दुखऱ्या पायानेच खेळत होतो, हे त्याने फायनलनंतर सांगितलं. सिटीने बर्नलीला ३-० ने हरवलं. काही दिवसांनी पेप ग्वार्दिओलांनी सांगितलं की प्रकरण गंभीर आहे, कदाचित ऑपरेशन, तीन-चार महिने तरी गेलेच.

आता खरं सांगा, ही बातमी वाचल्यावर तुमच्या ग्रुपवर पहिला मेसेज कोणता पडला असेल? ‘बिचारा’ नाही. ‘आता त्याच्या जागी कोणाला घेऊ?’

शनिवारचा तडाखा

डी ब्रॉयना ही सुरुवात होती असंही नाही. आदल्याच दिवशी, गुरुवारी, रियाल माद्रिदचा गोलकीपर थिबो कोर्त्वा साध्या प्रॅक्टिसमध्ये डाव्या गुडघ्याचं एसीएल फाडून बसला होता. त्याच आठवड्यात ॲस्टन व्हिलाच्या एमी बुएंदियाचा गुडघाही प्रॅक्टिसमध्येच गेला. ही दोघं तर सीझनचा पहिला सामनासुद्धा खेळली नाहीत.

मग उजाडला १२ ऑगस्टचा शनिवार. लंडनमध्ये आर्सेनल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. तिकिटांच्या यंत्रणेत घोळ झाल्याने सामनाच अर्धा तास उशिरा सुरू झाला. आयॅक्सकडून नुकताच आलेला बावीस वर्षांचा युरियन टिंबर प्रीमियर लीगमधला आपला पहिला सामना खेळत होता. पहिल्या हाफमध्ये गुडघ्याला काहीतरी झालंय हे त्याला जाणवलं होतं. तरी तो दुसऱ्या हाफला उतरला. पाचेक मिनिटांत खाली बसला. आर्सेनल २-१ ने जिंकलं, साकाच्या गोलची क्लिप रात्रभर फिरली. टिंबरचं एसीएल गेल्याचं काही दिवसांनी कळलं.

त्याच रात्री न्यूकॅसलमध्ये व्हिलाचा बचावपटू टायरन मिंग्ज स्ट्रेचरवरून बाहेर गेला. न्यूकॅसलने ५-१ असा धुव्वा उडवला, त्यामुळे चर्चा सगळी त्या पाच गोलांची. आणि आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर बिल्बाओमध्ये रियाल माद्रिदचा एडर मिलिटाओ डोळ्यांत पाणी घेऊन मैदान सोडत होता. त्याचंही एसीएल! माद्रिद २-० ने जिंकलं, ज्यूड बेलिंगहॅमने पदार्पणात गोल केला आणि दुसऱ्या दिवशी जिकडेतिकडे बेलिंगहॅमच बेलिंगहॅम. रविवारी चेल्सीच्या रीस जेम्सची मांडी धरली. चारच दिवसांपूर्वी त्याला कॅप्टन केलं होतं.

एका वीकएण्डला एवढं पुरे!

गुडघ्याचा पट्टा तुटतो तेव्हा

एसीएल हा शब्द आता क्रिकेटवाल्यांनाही पाठ झालाय, पण तो असतो काय? मांडीचं हाड आणि नडगीचं हाड गुडघ्यात एकमेकांना बांधून ठेवणारा एक आखूड पट्टा. जेमतेम करंगळीएवढा. पळताना अचानक थांबलात, पाय जमिनीत रोवलेला राहिला आणि वरचं शरीर दुसरीकडे वळलं की गुडघा आत कलंडतो आणि सगळा ताण या पट्ट्यावर येतो. बऱ्याचदा समोरच्या खेळाडूचा स्पर्शही झालेला नसतो. म्हणून टीव्हीवर ही दुखापत काहीच्या काही साधी दिसते. रक्त नाही, मोडलेलं हाड नाही. काही जण तर उठून चार पावलं चालतातही.

पट्टा पूर्ण तुटला तर तो आपोआप पहिल्यासारखा जुळेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे वरच्या दर्जाच्या खेळाडूला बहुतेक वेळा ऑपरेशनच करावं लागतं. त्याच्याच शरीरातली एक शीर, वाटीखालची किंवा मांडीमागची, काढून गुडघ्यात नवा पट्टा म्हणून बसवतात. आणि तिथून सुरू होतो खरा सीझन. टीव्हीवर न दिसणारा.

आधी सूज उतरवायची. मग पाय पूर्ण सरळ करायला शिकायचं. हो, शिकायचं! मांडीचा पुढचा स्नायू ऑपरेशननंतर चक्क झोपी जातो, त्याला उठवावं लागतं. मग सायकल. तीन-चार महिन्यांनी पळणं, तेही सरळ रेषेत. मग वळणं, मग उडी, मग बॉल आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्या माणसाच्या अंगावर जाणं. यातला सगळ्यात फसवा काळ म्हणजे गुडघा दुखायचा थांबतो तेव्हाचा. आत बसवलेली शीर त्या महिन्यांत शरीर हळूहळू आपलीशी करत असतं आणि त्या काळात ती कमजोर असते. खेळाडूला वाटतं आपण ठणठणीत, गुडघा मात्र कच्चाच असतो. नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका जास्त असतो, असं अभ्यासांतून दिसलंय. म्हणून डॉक्टर कॅलेंडर हातात घेऊन बसतात. ऑगस्टमध्ये गुडघा गेला की सीझन गेलाच म्हणून समजा, कारण सीझनसुद्धा नऊ महिन्यांचाच असतो.

इतक्या दुखापती एकदम कशा?

याचं एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एकेक गुडघा वेगवेगळ्या कारणाने जातो आणि सहा-सात नावांवरून सिद्धान्त मांडता येत नाही. पण त्या वर्षाचं वेळापत्रक बघा. २०२२ चा विश्वचषक कतारमध्ये नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे ऐन सीझनच्या मधोमध खेळवला गेला. मग उरलेला सीझन कोंबून संपवला. १० जूनला चॅम्पियन्स लीग फायनल, लगेच नेशन्स लीगचे सामने, थोडीशी सुट्टी आणि मग प्री-सीझन टूर्स. सिटी जपान आणि कोरियात, आर्सेनल अमेरिकेत. टूर म्हणजे तिकडे नवे फॅन्स, नवे स्पॉन्सर्स आणि जर्सीची विक्री. त्यात कोणाचे पाय ताजेतवाने होत असतील असं काही वाटत नाही.

त्यात २०२३-२४ पासून इंग्लंडमध्ये वाया गेलेला प्रत्येक मिनिट मोजून शेवटी जोडायचं ठरलं. सीझनच्या आधीच्या कम्युनिटी शील्डमध्ये आर्सेनलने बरोबरीचा गोल केला तो ९० अधिक ११ व्या मिनिटाला! आपण सोफ्यावर, आपल्याला मजा. मॅंचेस्टर युनायटेडच्या राफाएल वरानने मात्र सीझन सुरू व्हायच्या आधीच सोशल मीडियावर जाहीर नाराजी मांडली होती. सामने आधीच भरमसाट, खेळाडूंचं कोणी ऐकत नाही, असा त्याचा सूर होता. तेव्हा बऱ्याच फॅन्सनी त्याला त्याच्या पगाराची आठवण करून दिली. पगार मोठा आहेच हो. लिगामेंटला तो माहीत नसतो, इतकंच.

आर्सेनलच्या पुरुष संघाला टिंबरचा धक्का नवा वाटला असेल, पण क्लबला तो नवा नव्हता. आदल्याच सीझनमध्ये त्यांच्या महिला संघातल्या बेथ मीड, व्हिव्हियन मिडेमा, लिआ विल्यमसन आणि लॉरा विनरॉयटर या चौघींचं एसीएल गेलं होतं. कोर्त्वा आणि टिंबर हेडलाइनमध्ये असताना तिकडे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये महिलांचा विश्वचषक चालू होता आणि मीड, मिडेमा, विल्यमसन तो घरी बसून बघत होत्या. त्यावर आपल्याकडच्या किती ग्रुप्सवर चर्चा झाली, हे विचारायलाच नको.

क्लबचं काय बिघडलं?

आता गंमत ऐका. त्या रविवारी सगळ्या फुटबॉल पंडितांनी हिशेब मांडला होता: माद्रिदचा सीझन संपला, व्हिला खड्ड्यात, सिटी अडचणीत. सीझनअखेर काय दिसलं? माद्रिदने ९५ गुणांसह ला लीगा जिंकली, वर चॅम्पियन्स लीगही. व्हिला चौथं आलं आणि चॅम्पियन्स लीगला पात्र ठरलं. सिटीने पुन्हा प्रीमियर लीग जिंकली. आर्सेनल तेवढं दोन गुणांनी चुकलं. टिंबर असता तर ते दोन गुण मिळाले असते का, यावर आर्सेनलवाले रात्र काढू शकतात. त्यांना काढू दे.

क्लब म्हणजे एकत्र कुटुंब, एक आजारी पडला तरी चूल पेटते. माद्रिदने कोर्त्वाच्या जागी चार दिवसांत चेल्सीकडून केपाला उसना आणला, पण पुढे हीरो झाला तो बाकावर बसून असलेला आंद्री लुनिन. एप्रिलमध्ये सिटीविरुद्धच्या शूटआउटमध्ये त्याने दोन पेनल्टी अडवल्या. त्या सामन्यात सिटीचा गोल कोणी केला होता? डी ब्रॉयनाने. तो जानेवारीतच परतला होता आणि १३ जानेवारीला न्यूकॅसलमध्ये बाकावरून येऊन एक गोल मारून, शेवटच्या मिनिटांत दुसरा करवून ३-२ असा सामना फिरवून गेला होता.

तेव्हा क्लब सावरतो. ज्याचा पाय, त्याचं वर्ष मात्र जातंच.

कोर्त्वाचं बघा. सात महिने घाम गाळून परतायच्या बेतात असताना मार्च २०२४ मध्ये प्रॅक्टिसमध्येच दुसऱ्या गुडघ्याची गादी, मेनिस्कस, फाटली. मेमध्ये अखेर उतरला आणि १ जूनच्या वेम्बलीवरच्या फायनलमध्ये गोलपोस्टखाली कोर्त्वाच होता, लुनिन नव्हता. लुनिनच्या बाजूने विचार केला तर हेही जरा क्रूरच. टिंबर परतला १९ मे २०२४ ला, सीझनच्या अगदी शेवटच्या दिवशी, तेही बाकावरून. त्याच्या पहिल्या सीझनमध्ये लीगचे सामने मोजून दोन: पहिला आणि शेवटचा. मिलिटाओ मार्चअखेर परतला, समोर पुन्हा बिल्बाओच. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ओसासुनाविरुद्ध त्याच्या दुसऱ्या गुडघ्याचं एसीएल गेलं. पुन्हा सूज, पुन्हा पाय सरळ करणं, पुन्हा सायकल.

खेळाडूंनी आवाज उठवला नाही असं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सिटीचा रॉड्री म्हणाला की सामन्यांचा भडिमार असाच राहिला तर संपाची वेळ दूर नाही. काही दिवसांतच आर्सेनलविरुद्ध त्याचं एसीएल गेलं. महिनाभराने बॅलन डी’ओर घ्यायला तो कुबड्यांवर आला.

आणि मिंग्ज? त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला, एक सीझन नव्हे, त्याहून जास्त. ६ नोव्हेंबर २०२४ ला, जवळपास पंधरा महिन्यांनी, तो क्लब ब्रुखविरुद्ध चॅम्पियन्स लीगमधला आपला पहिला सामना खेळायला उतरला. तो मैदानाबाहेर असतानाच व्हिलाने ही स्पर्धा गाठली होती. दुसऱ्या हाफमध्ये गोलकीपर एमी मार्तिनेझने गोल किक छोटी मारून त्याच्याकडे बॉल दिला. मिंग्जला वाटलं किक अजून व्हायचीय. त्याने शांतपणे बॉल हाताने उचलला आणि जागेवर ठेवला. पेनल्टी! व्हिला १-० ने हरलं. आयुष्यात पाहिलेली ही सगळ्यात मोठी चूक, असं खुद्द कोच उनाय एमरी म्हणाले. रात्रभर मीम्सचा पाऊस पडला. न्यूकॅसलच्या स्ट्रेचरनंतर त्याच्या नावावर इतके मेसेज पहिल्यांदाच येत होते.